शेहेचाळीस टक्के पूर

दुपारी बाराच्या सुमाराला शब्दवेधी यंत्राचा आकडा शेहेचाळीसवर गेला आणि हेमांगी कुंभोजकरने त्या दिवशीचा तिसरा फोन लावला. पहिला तिने अडतीसला लावला होता, दुसरा एकेचाळीसला. नियंत्रण कक्ष एकशे ऐंशी किलोमीटर लांब, जिल्ह्याच्या गावी होता. तिथले बक्षी साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते कधी आवाज चढवत नसत, आणि हेमांगीला नेमका त्याचाच राग यायचा.

"मॅडम, शेहेचाळीस म्हणजे पन्नासच्या आत," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुमचंच यंत्र सांगतंय, काही न होण्याचीच शक्यता जास्त आहे."

"सकाळी सहाला बावीस होता, सर. सहा तासांत दुपटीच्या वर गेलाय."

"गेल्या उन्हाळ्यात, चौथ्यांदा गाव हलवलं तेव्हा किती होता?"

"एकोणसाठ."

"आणि काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग? ऐंशी झाला की सायरन वाजेल. हे समितीने ठरवलंय, मी नाही. लांडगा आला रे आला करून लोकांना डोंगरावर किती वेळा चढवायचं?"

फोन ठेवल्यावर हेमांगीने समोरचा चहा बघितला. त्यावर साय धरली होती. तिने तो तसाच खिडकीबाहेर ओतला.

थारमो हे लडाखमधल्या एका अरुंद खोऱ्यातलं अडतीस घरांचं, दोनशे दहा माणसांचं गाव. गावाच्या वर बारा किलोमीटरवर करपो नावाची हिमनदी. हिमनद्या एरवी गोगलगाईच्या चालीने सरकतात, पण काहींना मधूनच उसळी येते. २०३५च्या हिवाळ्यात करपोला तशी उसळी आली. ती दोन किलोमीटर पुढे आली आणि शेजारच्या दरीतून येणाऱ्या ओढ्याच्या तोंडावर आडवी बसली. ओढा अडला आणि बर्फाच्या भिंतीमागे तळं साचलं. शंभरेक वर्षांपूर्वी श्योक नदी अशीच अडली होती आणि तो बांध फुटला तेव्हा पाणी शेकडो किलोमीटर धावत गेलं होतं. त्याच्या गोष्टी या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून ठाऊक होत्या.

सिमेंटच्या धरणात आणि बर्फाच्या धरणात मोठा फरक आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो. तळ्यातलं पाणी बर्फाच्या भिंतीच्या नऊदशांश उंचीवर पोचलं की त्या भिंतीचा पाय हलका होऊ लागतो आणि पाणी तिच्या बुडाखाली शिरतं. आधी बोटभर वाट. वाहत्या पाण्याच्या घर्षणाने थोडी उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने बर्फ वितळतो, वाट रुंद होते, जास्त पाणी येतं, जास्त बर्फ वितळतो. असं चालू राहिलं तर काही तासांत बोगदा आगगाडी जाईल एवढा होतो आणि अख्खं तळं खाली येतं. पण दुसऱ्या बाजूने वरच्या बर्फाचं वजन तो बोगदा सतत दाबून मिटवत असतं. वितळणं पुढे गेलं तर पूर, दाबणं पुढे गेलं तर काहीच नाही. त्या दोघांच्या शर्यतीत कोण जिंकणार हे शेवटच्या तासापर्यंत कळत नाही.

शब्दवेधी ती शर्यत ऐकायचं. हिमनदीवर अकरा किलोमीटर लांबीची काचतंतूची तार अंथरलेली होती. तिच्यातून लेसरचे ठोके जात. बर्फाच्या पोटात पाणी खळखळलं की तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाई आणि परत येणाऱ्या प्रकाशात ते उमटे. दर मीटरला एक कान, असे अकरा हजार कान. त्यावरून गणित करून यंत्र दर दहा मिनिटांनी एक आकडा द्यायचं : पूर येण्याची शक्यता किती टक्के. ती तार हेमांगीने स्वतः उभी राहून अंथरून घेतली होती. त्यात तिच्या आयुष्याची सहा वर्षं गेली होती.

घोडं पेंड खात होतं ते त्या आकड्यापाशी. हेमांगी सांगलीची. तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते. तिकडे पुलाच्या खांबावर पाणी चाळीस फुटांना टेकलं की लोक न सांगता ट्रंका माडीवर चढवायला लागत. फूट म्हणजे काय हे कोणाला समजावावं लागत नसे. टक्के मात्र तिला कोणालाच समजावता आले नव्हते, ना साहेबांना, ना गावाला.

पहिल्या उन्हाळ्यात दोनदा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात दोनदा तिच्या सांगण्यावरून गाव रिकामं झालं. चारही वेळा बोगदा आपोआप मिटला. तिसऱ्या वेळी कापणीला आलेला सातू मोकाट गुरांनी खाल्ला. चौथ्या वेळी वरच्या पठारावर दोन दिवस पाऊस आणि गारा पडल्या आणि तंबूत गारठून मेमे इशे, म्हणजे इशे आजोबा, गेले. ते यांगझोमचे वडील. यांगझोम ही गावाची गोबा, म्हणजे मुखिया, आणि हेमांगी राहायची तीही तिच्याच घरात, माडीवरच्या खोलीत.

त्यानंतर यांगझोमने तिला घराबाहेर काढलं नाही. भांडलीही नाही. फक्त त्या दिवसापासून ती हेमांगीला 'मॅडम' म्हणायला लागली. आधी ती तिला 'हेमा' म्हणायची, अगं-तुगं करायची, कढीत मीठ कमी झालं तर रागवायची. आता 'मॅडम, तुमचं पाणी तापलंय', 'मॅडम, तुमचं पार्सल आलंय'. एका वर्षात त्या पलीकडे एक वाक्य नाही.

बाराच्या फोननंतर हेमांगी तिला शोधत शेतावर गेली. यांगझोम ओणवी होऊन विळ्याने चारा कापत होती.

"आचे-ले," हेमांगी म्हणाली. मोठ्या बहिणीला आदराने तसंच म्हणतात. "आकडा शेहेचाळीस झालाय."

यांगझोमने मान वर केली नाही. "सायरन वाजला नाही."

"तो ऐंशीला वाजणार."

"मग ऐंशी होऊ द्या, मॅडम."

"ऐंशी होईलच असं नाही. मिटेलही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही. मला माहीत नाही." हेमांगीचा तोल सुटला. "मला कधीच माहीत नव्हतं. मी चारही वेळा सांगितलं होतं, की मला नक्की माहीत नाही. तुम्ही सगळ्यांनी हो किंवा नाही एवढंच ऐकलं. ते समितीवालेही तेच ऐकतात. यंत्र जेवढं सांगतं तेवढंच मी सांगते, यात माझी चूक काय आहे ते तरी एकदा सांगा मला."

यांगझोमने विळा खाली ठेवला. पेंढीवर बसली. तिने नदीकडे बघितलं. नदी रोजच्यासारखीच गढूळ वाहत होती.

"ऐंशी झाल्यावर पाणी यायला किती वेळ?"

"चाळीस मिनिटं. थोडं मागेपुढे."

"इथून पठारावर चढायला मला पंचवीस मिनिटं लागतात. माझ्या आईला धरून नेलं तर दीड तास. शेजारच्या नोर्बूच्या बापाला पाठीवर न्यावं लागतं, त्याला त्याहून जास्त." ती थांबली. "मग माझ्यासाठी आणि आईसाठी तुम्ही एकच आकडा का आणता?"

तीन वर्षं ती समितीशी भांडत होती, सायरन ऐंशीला नको, साठला वाजवा. समिती म्हणत होती, साठला नको, ऐंशीला. एकाच गावात ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे वेगळा आकडा असू शकतो हे दोन्हीकडच्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

"ज्यांना चाळीस मिनिटं पुरत नाहीत ते आज जातील," यांगझोम उठत म्हणाली. "बाकीचे सायरन वाजला की पळतील. काही झालं नाही तर म्हातारी माणसं एक रात्र पठारावर झोपली, एवढंच. या वेळी तंबू दुहेरी लावू आणि चूल आधी पेटवू." मग तिने विळा हेमांगीच्या हातात दिला. "एवढा चारा कापून टाका. मी घरोघर जाऊन येते."

तो चारा हेमांगीने वेडावाकडा कापला. तरी वर्षभरात पहिल्यांदाच यांगझोमने तिला काही काम सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत एकतीस माणसं वर गेली. म्हातारे, एक पाय मोडलेली मुलगी, दोन बाळंतिणी, त्यांच्याबरोबर सांभाळायला कोणी ना कोणी. पाणचक्कीवाल्या मुतुपची बायको छोरोल आपल्या सासूला घेऊन गेली. मुतुप मागे राहिला. दळण बाकी होतं आणि गोठ्यात चाळीस बकऱ्या होत्या.

हेमांगीने बक्षी साहेबांना फोन करून हे कळवलं. तिला वाटलं होतं ते खूश होतील.

"हे अधिकृत स्थलांतर नाही, मॅडम," ते म्हणाले. "याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? आणि असे आतले आकडे तुम्ही गावात परस्पर सांगू नका. समितीने स्पष्ट सांगितलंय."

सकाळी सातला आकडा त्रेसष्ट होता. आठला एकाहत्तर. हेमांगी लॅपटॉप मांडीवर घेऊन यांगझोमच्या अंगणात बसली होती. तारेवरून येणारा आवाज तिने कानांना लावला होता. आदल्या दिवशी त्यात ओढ्याची खळखळ होती, आता एकसलग घरघर होती, जात्यासारखी. आठ वाजून एकतीस मिनिटांनी आकडा ऐंशी झाला.

सायरन वाजला नाही.

तिने फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं की आकडा त्यांनाही दिसतोय, पण सायरनला साहेबांचा अंगठा लागतो आणि साहेब बैठकीत आहेत.

"त्यांना बाहेर बोलवा."

"चिठ्ठी पाठवलीय, मॅडम."

"चिठ्ठी?" हेमांगीला आपला आवाज परका वाटला. "अहो, चिठ्ठी कसली पाठवता? दार उघडून आत जा."

"मॅडम, आत मोठे लोक आहेत."

यांगझोमने तोवर पातेलं आणि पळी घेतली होती. ती वरच्या आळीला बडवत निघाली, हेमांगी खालच्या आळीला. घरं नदीच्या कडेने दीड किलोमीटर पसरलेली. दाराला थाप मारायची, "ऐंशी झाला, निघा," म्हणायचं, पुढे पळायचं. बरेचसे निघाले. काहींनी विचारलं, सायरन कुठाय? तिने सांगितलं, वाजेल, तुम्ही निघा. ते कुरकुरत का होईना, निघाले.

शेवटचं घर मुतुपचं. चक्कीच्या आवाजात त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. पिठाने पांढरा झालेला तो दारात आला.

"मुतुप-ले, चला. ऐंशी झाला."

"सायरन नाही वाजला."

"मंजुरी यायचीय."

हे बोलताक्षणीच तिला कळलं की आपण चुकलो. सायरन बिघडलाय, एवढं खोटं बोलली असती तरी पुरलं असतं. पण खरं बोलायची तिला सवय होती.

"मंजुरी आली नाही म्हणजे साहेबलोकांना अजून खात्री नाही," मुतुप म्हणाला. त्याचा सूर भांडणाचा नव्हता. "गेल्या खेपेला तुम्ही सांगितल्यासांगितल्या मी बकऱ्या सोडल्या. नऊ दरीत पडल्या, मॅडम. या वेळी सायरन वाजला की लगेच सोडतो. तुम्ही व्हा पुढे, तुम्हाला चढायला वेळ लागतो."

तिने त्याचा हात धरून ओढला. त्याने तो हळूच सोडवून घेतला, जसा एखाद्या लहान मुलाचा सोडवावा तसा. ती दोन-तीन मिनिटं तिथे उभी राहून बोलत होती. नंतर कितीही आठवलं तरी काय बोलत होती ते तिला आठवलं नाही. मग ती निघाली.

ती चढ थोडासाच चढली असताना सायरन वाजला. तिने घड्याळ बघितलं. आठ पन्नास. खाली मुतुप चक्कीतून बाहेर आला आणि फळकुटांच्या पुलावरून पलीकडच्या गोठ्याकडे धावला. शब्दाला जागणारा माणूस होता.

पाण्याच्या आधी वारा आला, थंड, मातीचा वास असलेला. मग आवाज. नऊ वाजून बारा मिनिटांनी वळणावरून जे आलं ते पाणी वाटत नव्हतं. काळ्या चिखलाची, घराएवढ्या दगडांची आणि बर्फाच्या ढेपांची एक भिंत चालत आली. चक्की, शाळा, देवळाचा खालचा मनोरा, सातूची सगळी शेतं, पूल. सात मिनिटांत खालची आळी गेली. मुतुपने सगळ्या बकऱ्या सोडल्या होत्या. त्यातल्या बावीस संध्याकाळी दगडांमधून वाट काढत पठारावर आल्या. तो आला नाही.

छोरोल पठाराच्या कडेला उभी होती. ती रडत नव्हती. बकऱ्या मोजत होती.

पुढचे दोन महिने कौतुकाचे गेले. वर्तमानपत्रांत मथळे आले, शब्दवेधीने दोनशे नऊ जीव वाचवले. हेमांगीला चार ठिकाणी सत्काराला बोलावलं, ती एकाही ठिकाणी गेली नाही. ती वेळेची नोंद घेऊन हेलपाटे घालत होती : आठ एकतीसला ऐंशी, आठ पन्नासला सायरन. मधली एकोणीस मिनिटं कुठेतरी लिहिली जावीत एवढंच तिचं मागणं होतं. पहिल्यांदा तिचं पत्र परत आलं, कारण ते ठरलेल्या नमुन्यात नव्हतं. नमुन्यात भरून दिलं तर परत आलं, कारण मुदत संपली होती. बक्षी साहेबांना ती प्रत्यक्ष भेटली.

"त्या दिवसापासून मला झोप नाही, मॅडम," ते म्हणाले, आणि ते खरंच वाटत होतं. "पण ती एकोणीस मिनिटं लिहिली तर उद्या कुठलाही अधिकारी घाबरून तीसलाच सायरन वाजवेल. मग पुन्हा कोणी जागचं हलणार नाही. तुम्हीच विचार करा."

पालथ्या घड्यावर पाणी. ती उठून आली.

अहवाल ऑक्टोबरात आला. पठारावर पत्र्याच्या घरांची नवी वस्ती उभी राहत होती. यांगझोमने सगळ्यांना गोळा केलं आणि हेमांगीला म्हणाली, "इंग्रजीत आहे. वाचून सांग."

तिने वाचून सांगितलं. ऐंशी टक्क्यांचं धोरण यशस्वी ठरलं. हे यश लक्षात घेता, अनावश्यक स्थलांतर टाळण्यासाठी मर्यादा नव्वद टक्के करावी अशी शिफारस. आदल्या दिवशी वर गेलेल्या एकतीस माणसांचा उल्लेख नव्हता. शेवटच्या पानावर एक ओळ होती. ती वाचताना हेमांगी अडखळली.

"काय आहे?" छोरोलने विचारलं.

"जीवितहानी, एक," हेमांगी म्हणाली. "सदर व्यक्तीने सायरन वाजल्यानंतरही सूचनांचे पालन न केल्यामुळे."

वाऱ्याने पत्रा वाजत होता.

"हे खरं नाही," हेमांगी म्हणाली. "सायरन आठ एकतीसला वाजायला हवा होता. आठ पन्नासला वाजला. माझ्याकडे नोंद आहे."

"एकोणीस मिनिटं," छोरोल म्हणाली. तिने मनाशी हिशेब केला, ओठ किंचित हलले. "बकऱ्या सोडून पूल ओलांडायला त्याला दहा लागायची. वर चढायला पंधरा."

"हो."

"म्हणजे तो आला असता."

"हो," हेमांगी म्हणाली. आणि मग, कारण हेही खरं होतं आणि ते दुसरं कोणी सांगणार नव्हतं : "मीही त्याला सायरन बिघडलाय असं सांगू शकले असते. मी नाही सांगितलं."

छोरोलने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत माफी होती की नाही हे हेमांगीला ठरवता आलं नाही. मग छोरोलने अहवाल मागून घेतला, ती ओळ कुठे आहे ते बोट ठेवून विचारलं, आणि पेन मागितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. तिने त्या ओळीच्या शेजारी लिहिलं : ८.३१. त्याच्या खाली : ८.५०. खाली सही केली. मग यांगझोमने केली. एकेक करून गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी केली. समासात जागा संपली तेव्हा पान उलटून मागे केल्या. ते पान दुसऱ्या दिवशी टपालाने गेलं. त्याची पोच कधी आली नाही.

हेमांगीची बदली मात्र पंधरा दिवसांत आली, पुण्याला, कार्यालयीन कामावर. जाण्यापूर्वी तिने आठवडाभर बसून यांगझोमला तारेचे आलेख वाचायला शिकवलं आणि शब्दवेधीच्या पेटीवरचा आकडा थेट तिच्या फोनवर जाईल अशी जोडणी करून दिली. हे नियमात बसत नव्हतं. हस्तांतरणाच्या टिपणात चौदाव्या कलमात तिने तसं लिहिलंही. ते कोणी वाचलं नसावं.

पुण्यात तिला शब्दवेधी बघता येत नव्हतं. तिचा प्रवेश बंद केला होता. करपो पुन्हा सरकली आहे आणि तळं पुन्हा भरतंय एवढं उपग्रहाच्या चित्रांत दिसायचं, बाकी काही नाही. ती धरणांच्या पातळ्यांचे तक्ते करायची, संध्याकाळी घरी यायची, भाजी चिरताना मध्येच थांबायची.

जुलैतल्या एका दुपारी, ती कुठल्याशा बैठकीत असताना, फोन थरथरला. हिंदीत, चुकांनी भरलेला, यांगझोमचा निरोप होता.

'आज चौतीस. आईला आणि नोर्बूच्या बापाला वर नेलं. छोरोलने बकऱ्या कालच नेल्या, ती म्हणते तिचा आकडा तीस. बाकीचे खालीच आहोत. तू जेवलीस का?'

समोर कोणीतरी तक्त्यातल्या रकान्यांबद्दल बोलत होतं. हेमांगी खुर्ची सरकवून उठली, दार उघडून बाहेर गेली आणि उत्तर लिहायला लागली.